सुरीनं उघडलेली अकी

लिमोन बंदराच्या मागच्या गल्लीत मिस एनिड फोर्ब्सची खानावळ आहे. पाच टेबलं, निळ्या भिंती आणि मागच्या अंगणात अकीचं फळझाड. एनिडची आजी जमैकाहून बोटीनं आली, तेव्हा तिनं त्याचं बी रुमालात बांधून आणलं होतं. नवरा गेल्यावर एनिडनं चूल मांडली ती याच अंगणात, आणि एकतीस वर्षं ती विझू दिली नाही. आठवडाभर नारळाच्या दुधातला राजम्याचा भात, तळलेली केळी, माशाचं कालवण. रविवारी मात्र खारवलेल्या माशाबरोबर परतलेली अकी. तेवढ्यासाठी लोक राजधानीहून तीन तास गाडी हाकत येत.

बाकी सगळं एनिड कुणालाही करू देई, पण अकीला हात लावू देत नसे. त्याला कारण होतं. अकीचं लाल फळ झाडावरच आपणहून फुटावं लागतं. तीन बाजूंनी उकललं, आतल्या काळ्या बिया आणि पिवळा गर दिसला, की मगच ते माणसाच्या पोटाचं. त्याआधी काढलं तर विष. एनिड नऊ वर्षांची असताना वादळानं झाडाखाली कच्च्या अकींचा सडा पडला होता. शेजारच्या घरातल्या दोन बहिणींनी त्या उचलून, फोडून, शिजवून खाल्ल्या. एनिड त्यांच्याबरोबर शाळेत जायची. दुसऱ्या दिवशी तिच्या आईनं तिला हात धरून त्यांच्या घरी नेलं आणि म्हटलं, "बघून ठेव." तिनं बघून ठेवलं.

एनिडच्या मुलाचं लग्न झालं ते डोंगरावरच्या कार्तागो गावच्या यामिलेथशी. मुलगा बोटीवर, महिना महिना बाहेर. घरात या दोघीच. सून कामाला वाघीण, पण तिच्या माहेरी अकी कुणी पाहिलेलीसुद्धा नाही. "हे तुझं काम नव्हे," एनिड म्हणायची आणि स्वयंपाकघराचं दार ओढून घ्यायची. का नव्हे, ते तिनं पाच वर्षांत एकदाही सांगितलं नाही. आपलं एवढं एक तरी आपल्यापाशी राहू दे, असं तिच्या मनात असावं.

त्या रविवारी चर्चमध्ये पाद्रीबुवांचं प्रवचन लांबलं. एनिड धापा टाकत घरी आली तर ओट्यावर स्वच्छ, पिवळ्या अकीचं पातेलं काठोकाठ भरलेलं.

"मी साफ करून ठेवली, मिस एनिड," यामिलेथ म्हणाली. "राजधानीहून कुटुंब येणारंय, फोन आला होता. तुम्हाला उशीर झाला म्हणून."

"बिया? मधली लाल शीर?"

"सगळं काढलं. खिडकीतून बघते ना मी दर रविवारी."

पाच वर्षं खिडकीतून बघणारी सून. एनिडला जरा बरं वाटलं, जरा लाजही वाटली. तिनं अकी उकळली, पाणी मोरीत ओतलं आणि कांदा चिरायला घेतला.

साडेबाराला मिस्टर अल्वान आले. ऐंशीच्या घरातले, रेल्वेतून निवृत्त झालेले, खिडकीजवळचं टेबल त्यांचं. पहिला घास घेऊन ते म्हणाले, "मीठ कमी पडलं की मिस एनिड. पाद्रीबुवांनी चर्चमध्येच काढून घेतलं का?"

"तुम्ही चर्चला आला असतात तर तुमच्या वाट्याचं आणलं असतं."

"मी इथंच येतो. देव इथं जेवायला येत असणार."

तेवढ्यात राजधानीचं कुटुंब आलं. एद्गर नावाचा शांत माणूस, त्याची बायको आणि सहा वर्षांची फिओरेला. बायकोनं कोंबडी मागवली. बापानं अकी घेतली आणि लेक त्याच्याच ताटात चमचा घालू लागली. "अंडं आहे हे," ती म्हणाली. "अंडं नाही, झाडावरचं आहे," बाप म्हणाला. "मग झाडानं अंडं दिलं," असं म्हणून तिनं आणखी एक चमचा भरला.

एनिड हसतच कचऱ्याची बादली घेऊन अंगणात गेली. कोपऱ्यात अकीच्या साली पडल्या होत्या. पाच साली उमललेल्या, मऊ, कडा बाहेर वळलेल्या. आणि त्यांच्याखाली चार घट्ट. त्यांच्या कडा सरळ होत्या. सुरीनं कापल्यासारख्या सरळ.

तिच्या हातातली बादली खाली टेकली. तिनं एक साल उचलली, दोन्ही अर्धी जुळवून बघितली. ती बंद डबीसारखी नीट बसली.

"यामिलेथ," तिनं हाक मारली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "या चार कशा उघडल्या?"

"सुरीनं. पाचच उघड्या होत्या, पुरल्या नसत्या. लालभडक होत्या हो, पिकलेल्या." सुनेनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. "काय झालं?"

काय झालं ते एनिडनं तीन वाक्यांत सांगितलं. पाच वर्षांपूर्वीच सांगायला हवी होती ती तीन वाक्यं. यामिलेथनं भिंत धरली.

आतून मुलीच्या हसण्याचा आवाज आला. एनिडच्या मनात एक वाईट विचार येऊन गेला. पाणी तर ओतून दिलंय. त्यात बरंचसं गेलं असेल. कदाचित काहीच होणार नाही. कुणाला कळणारही नाही. आपण आत जाऊन सांगितलं, तर आजपासून या दारात कुणी पाय ठेवणार नाही. तिनं डोळे मिटून "प्रभू" एवढंच म्हटलं. पुढचे शब्द आले नाहीत. आल्या त्या दोन बहिणी.

जेवत्या माणसाच्या पुढचं ताट तिनं आयुष्यात कधी ओढलं नव्हतं. आज ओढलं. फिओरेलाच्या हातातला चमचा काढून घेतला आणि म्हणाली, "बाळ, थांब. कुणीच खाऊ नका. अकी कच्ची होती. विषारी असते. चूक माझी आहे. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

आईनं मुलीला उचलून छातीशी घेतलं. एद्गर उभा राहिला आणि गाडीची किल्ली शोधू लागला. अल्वान रिकाम्या ताटाकडे बघत म्हणाले, "मी तर दोनदा वाढून घेतलं, मिस एनिड." मग टोपी घातली.

सरकारी दवाखान्यात एनिडनं डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं, चार सालीसुद्धा पिशवीतून काढून दाखवल्या. त्यांनी तिघांची बोटं टोचून रक्तातली साखर बघितली आणि मुलीला लगेच सलाईन लावलं. "लवकर आणलंत. हे विष रक्तातली साखर उतरवतं," एवढंच त्या म्हणाल्या.

बाकावर सासू-सुना शेजारी बसल्या. चारच्या सुमारास आतून मुलगी ओकल्याचा आवाज आला. एनिडनं बाकाची कड घट्ट धरली. त्या बहिणींचंही असंच सुरू झालं होतं. आधी ओकाऱ्या, मग झोप. ती झोप तिला आठवत होती. पुन्हा ओकारी. नर्सची धावपळ. मग काहीच आवाज नाही, आणि तेच जास्त भयंकर वाटलं.

"मी मारलं तिला," यामिलेथ पुटपुटली.

"गप. दार मी लावून घेत होते."

सूर्य कलल्यावर मुलीची आई बाहेर आली. तिचे डोळे सुजले होते. "साखर सारखी खाली जातेय, सारखी भरतायत," ती म्हणाली. "रात्र काढायची आहे. तुम्ही जा. तुम्ही समोर दिसलात की मला सहन होत नाही."

त्या गेल्या. घरी एनिडनं दिवाही लावला नाही. स्तोत्रांचं पुस्तक मांडीवर उघडं ठेवून ती बसून राहिली. एक ओळही वाचली नाही. पुस्तक उघडं आहे, एवढाच तिला आधार होता.

सकाळी सातला फाटकाची कडी वाजली. एद्गर एकटा उभा होता. शर्ट कालचाच. एनिड ओट्यापासून दारापर्यंत आली.

"पोरगी पाव मागतेय," तो म्हणाला.

यामिलेथ दारातच खाली बसली.

"म्हातारबाबाही बरे आहेत. नर्सशी भांडतायत, सूपात मीठ नाही म्हणून." तो खुर्चीवर बसला, कालच्याच. "माझी बायको इथं परत पाऊल टाकणार नाही. मीही खोटं बोलत नाही, मलाही भीती वाटते. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुम्ही तास-दोन तास गप्प राहिला असतात तर पोरगी गेली असती. हे सांगायला आलो. कॉफी असेल तर द्या."

एनिडनं कॉफी दिली. बशीत सांडली. त्यानं बशी उचलून ती तशीच कपात ओतली आणि प्याला. मग ताजा पाव घेऊन गेला.

दीड महिना रविवारच्या फळ्यावर अकीचं नाव नव्हतं. गल्लीत कुजबुज झाली, दोन टेबलं रिकामी राहू लागली. त्या दीड महिन्यात एनिड रोज सकाळी सुनेला झाडाखाली नेऊन एकेक फळ दाखवायची. हे मिटलेलं. हे अजून उद्या. हे आता. यामिलेथ हात मागे बांधून बघायची.

मग एका रविवारी यामिलेथनं अकी साफ केली. दार सताड उघडं होतं. साली कचऱ्यात गेल्या नाहीत. पैशाच्या गल्ल्याशेजारी पांढऱ्या ताटात त्या मांडून ठेवल्या, सगळ्या उमललेल्या, येणाऱ्याला दिसतील अशा. ती रीत तेव्हापासून पडली.

मिस्टर अल्वान ते ताट न्याहाळून खिडकीजवळ बसले. "वाढा," म्हणाले. "दोनदा नको, एकदाच."

एनिडनं वाढलं आणि ती दारात उभी राहिली. त्यांनी पहिला घास गिळेपर्यंत तिनं श्वास घेतला नाही. दुसऱ्या घासालाही नाही. आजही रविवारी ती तशीच उभी राहते, आणि ओट्यापाशी, सुरी खाली ठेवून, तिची सूनही.