टर्रकन उघडलेलं खोकं

माझ्या मुलीला घरात सगळे मुंगी म्हणतात. लहानपणी घरात आलेलं कुठलंही खोकं ती आम्हाला फाडू द्यायची नाही. चिकटवलेल्या कडा नखाने सोडवून ते सपाट करायची आणि पुन्हा होतं तसं जोडून ठेवायची. पुढे तिने डिझाइनचंच शिक्षण घ्यायचं ठरवलं, तेव्हा मला घोर लागला. तो अजून गेलेला नाही. "हिचं कसं होणार?" असं मी रात्री तिच्या बाबांना विचारते. ते कूस बदलतात.

यंदा तिच्या कॉलेजातल्या मुलांनी छोटा चित्रपट करायला घेतला. साबणाचा कारखाना बंद पडतो आणि तिथला म्हातारा कामगार जपून ठेवलेलं शेवटचं खोकं उघडतो, एवढीच गोष्ट. ते खोकं मुंगीने करायचं होतं. तिने हिरव्या रंगावर एकच पांढरा बुडबुडा काढला, खाली साबणाचं मनानेच रचलेलं नाव लिहिलं आणि कोपऱ्यावरच्या छापखान्यातून जाड कागदावर छापून आणलं. मी सहज विचारून बसले, "हा साबण कुठे मिळतो गं?" त्या दिवशी बाईसाहेब हवेत होत्या.

चित्रीकरण आमच्याच स्वयंपाकघरात होतं. म्हातारा झाले होते माझे थोरले दीर. खोक्यावरच्या ठिपक्यांच्या रेघेवर अंगठा दाबून त्यांनी ते उघडायचं होतं. त्यांनी दाबला. खोकं चेपलं, पण उघडेना. आणखी जोर लावला तर बुडबुडाच मधोमध फाटला.

"मुंगे, ठिपके झकास छापलेस," दीर म्हणाले, "भोकं कोण पाडणार, तुझा काका?"

मुंगीने फाटलेलं खोकं उचलून रेघेवरून नख फिरवलं. जन्मभर खोकी कडेने सोडवणारी पोर, ठिपक्यांवरून तिने एकही कधी फाडलं नव्हतं. रेघ तिच्या लेखी नक्षीच होती.

दिग्दर्शक, म्हणजे तिच्याच वर्गातला एक दाढीवाला, घड्याळाकडे बघत म्हणाला, "जाऊ दे. आधीच उघडलेलं दाखवू. खिडकीतला उजेड जायला लागलाय."

"मग गोष्टीत राहिलं काय?" मुंगी म्हणाली. "तो उघडतो, तेच तर आहे! मला थोडा वेळ दे."

जाऊ दे गं, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात ती माझ्या शिलाई मशीनवर जाऊन बसली. आजवर तिने त्याला हात लावला नव्हता. तिने सुईतून दोरा काढून टाकला, जास्तीच्या छापून आणलेल्यांतला एक न चिकटवलेला कागद खाली सरकवला आणि ठिपक्यांवरून मशीन चालवलं.

"बोट सांभाळ!" मी ओरडले.

"आई, तू डोळे मीट."

पहिल्या कागदाची भोकं इतकी दाट पडली की उचलताच तुकडा गळून पडला. दाढीवाल्याने सुस्कारा सोडला. तिने मान वर केली नाही. टाका लांब करायची चकती फिरवली, दुसरा कागद घेतला, तो जमल्यावर आणखी तीन टोचले आणि ओळीने चार खोकी जोडली.

दिरांनी खोकं हातात घेतलं आणि त्यावरून एकदा बोट फिरवलं. अंगठा दाबला. टर्र्... असा बारीक, नेमका आवाज झाला आणि झाकण रेघेवरून सरळ उघडलं. बुडबुड्याला धक्काही नाही. आत मी घरातलीच साबणाची वडी ठेवली होती. तिचा वास घेताना दिरांचे डोळे भरले. अभिनय होता की काय, देव जाणे.

"इथे संगीत टाकणार होतो," दाढीवाला हळूच म्हणाला. "नको. हा आवाजच राहू दे."

मुंगीने माझ्याकडे पाहिलं. मी ओट्याकडे तोंड करून उगाच चहाचं आधण ठेवलं.

आज सगळे झोपल्यावर उशीचा अभ्रा शिवायला बसले, तर सुई कापडात अडकतेय. त्या जाड कागदाने पार बोथट झालीय. डब्यात नवी सुई होती. ती लावली, पण जुनी टाकवेना. कागदात गुंडाळून कपाटात ठेवली आहे, मुंगीच्या पहिल्या दातापाशी.