बेचाळीस ग्राम

ऑनलाइन कोर्सचा पासवर्ड पोस्टाने आला, बंद पाकिटात! हे फक्त जर्मनीतच होऊ शकतं. तो टाकून पोर्टल उघडलं आणि चाळिशीत मी पुन्हा कॉलेजात गेले. पोषणशास्त्र, तेही बॉबलिंगेनच्या स्वयंपाकघरात बसून.

शिकवणाऱ्या बाई लेक्चरमध्ये फळ्यावर फारसं लिहायच्या नाहीत. कशात किती प्रथिनं, कुठल्या सूत्रात कुठला आकडा, सगळं तोंडी. मी व्हिडिओचा वेग पाऊण करून ठेवायची, म्हणजे बाई झोपेतून उठल्यासारख्या बोलायच्या. मी सगळं लिहून घ्यायची आणि वहीवरून घोकायची. तरी पोषणाच्या गणिताच्या पेपरात नापास. एकदा नाही, दोनदा! तिसरी परीक्षा तोंडी होती आणि तीच शेवटची. त्यात गेले की कॉलेजातून नावच कमी. जर्मनीत दुसरीकडेही तो कोर्स करता येणार नव्हता. नवरा म्हणाला, "सोडून दे ना, कुणी जबरदस्ती केलीय?" इतका राग आला! रागापेक्षा भीती जास्त होती, की तो म्हणतोय तेच बरोबर असेल.

सासूबाई तेव्हा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. त्यांची शाळा सातवीत सुटली, लग्नामुळे. मी लेक्चर लावलं की मटार सोलायला माझ्या शेजारी येऊन बसायच्या. जर्मन ओ की ठो कळत नव्हतं, पण लक्ष माझ्यापेक्षा जास्त. "बाईंनी डोळे मोठे केले बघ, हे विचारणार त्या," असं मलाच सांगायच्या.

एके दुपारी बाई म्हणाल्या, "त्स्वायउंडफिर्त्सिश ग्राम." मी लिहिलं, चोवीस.

"बेचाळीस," सासूबाई म्हणाल्या. नातीने त्यांना शंभरपर्यंत आकडे शिकवले होते.

"अहो आई, चोवीस. आधी दोन म्हणाल्या, मग चार."

माझी आठ वर्षांची लेक मराठी समजते, पण उत्तर जर्मनमध्येच देते. ती सोफ्यावरून ओरडली, "आजी हाट रेश्ट!" म्हणजे आजीच बरोबर.

"अगं, आपल्यासारखंच आहे की," सासूबाई म्हणाल्या. "बे आधी, चाळीस नंतर. बेचाळीस! तू मध्ये इंग्रजी कशाला घुसवतेस?"

मी वही मागे उलटत गेले. त्रेसष्टचे छत्तीस, सत्तावीसचे बहात्तर. घाईत ऐकलेला जवळजवळ प्रत्येक आकडा उलटा! दोन्ही वेळा मी चुकीचंच पाठ करून गेले होते, आणि वर्षभर स्वतःला मठ्ठ म्हणत होते. मला हसू आलं आणि त्यातच रडूही. सासूबाईंनी मटाराचं ताट बाजूला सरकवलं. "रडतेस काय? पहिल्यापासून लाव."

मग आम्ही दोघींनी सगळी लेक्चरं पुन्हा ऐकली. आकडा आला की मी व्हिडिओ थांबवायची, त्या मराठीत सांगायच्या, मी लिहायची. "एकोणपन्नासला मात्र हे लोक फसतात हं," त्या म्हणायच्या, "सरळ नऊ आणि चाळीस म्हणतात!" त्या कौतुकानं हसायच्या, जणू शेजारचं पोर पाढा चुकलंय.

परीक्षेला बाई पहिल्यांदा समोर दिसल्या. बाप रे, खऱ्या आयुष्यात त्या किती भरभर बोलतात! पण प्रत्येक आकडा माझ्या कानात मराठीतच पडत होता. मी उत्तरं देत गेले. वीस मिनिटांनी त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, "बेश्टांडन." पास.

बाहेर कॉरिडॉरमध्येच फोन लावला.

"अहो आई, पास झालो!"

"अगं, झालो काय? झाले म्हण. घाबरून मराठीही विसरलीस?"

"नाही आई. झालोच. आपण दोघी."

पलीकडे त्यांनी नाक ओढलं आणि विचारलं, "पुढच्या वर्षी काय शिकवणार आहेत गं आपल्याला?"