मोठा बुडबुडा

"फेस भरलेला का रिकामा?" असं विचारून मॅडम चष्मा कपाळावर चढवायच्या. हा प्रश्न कशालाही लागू असे: कॅन्टीनचा चहा, मालकांचं भाषण आणि मी. माझ्या बाबतीत त्या उत्तरासाठी थांबत नसत.

मॅडम गंगापूरकडच्या शेतकरी घरातल्या, रसायनशास्त्रात पीएच.डी. चितेगावच्या आमच्या छोट्या कारखान्यात खनिज वेगळं करायची यंत्रं बनतात. मी ती विकायचो, म्हणजे बोलायचो. दगडाची पूड पाण्यात ढवळायची, औषध घालायचं, खालून हवा सोडायची. धातूचे कण बुडबुड्यांना चिकटून फेसात वर येतात, माती खाली राहते. फार बारीक कण मात्र हाती लागत नाहीत. त्यांच्यासाठी मॅडमनी बारीक बुडबुड्यांची, पुरुषभर उंच काचेची नळी बनवली होती.

"मोठा बुडबुडा वर जायच्या घाईत असतो," त्या सांगायच्या. "बारीक कण बाजूनं निसटतो. त्याला कळत बी नाय." हे सांगताना त्या कुणाकडं बघत, तुम्ही ओळखलंच असेल.

एकदा तांब्याच्या खाणीचे साहेब टाकाऊ पूड घेऊन आले. मालकांनी बजावलं होतं, यांना पटलं नाही तर नळी भंगारात. मॅडमनी हवा सोडली. बोटभर काळपट फेस आला. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मला राहवलं नाही; मी हवेचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. पांढराशुभ्र फेस उसळला, काठावरून थेट साहेबांच्या बुटांवर.

"क्या बात है!" साहेब म्हणाले. "ऑर्डर लिखो."

मी पेन काढलं. मॅडमनी हवा कमी केली. "थांबा साहेब. हा फेस रिकामाय."

"अहो मॅडम, ते हो म्हणतायत!" मी कुजबुजलो.

"कशाला हो म्हणतायत?"

त्यांनी माझा फेस ताटलीत घेऊन शेगडीवर वाळवला. उरली करडी माती. मग पुन्हा तोच बोटभर फेस आणला, तोही वाळवला. काळसर भुकटी चमकायला लागली. साहेब बराच वेळ ती ताटली उन्हात हलवत बसले. ऑर्डर मिळाली. बूट मी पुसले.

गेल्या वर्षी मॅडम गेल्या. शोकसभा शेडमध्येच झाली, नळीशेजारी. नळी चालूच होती, बंद करायचं कुणाला सुचलं नाही. मालकांनी मलाच उभं केलं. मी उभा राहिलो की तासाभराची निश्चिंती.

"मॅडम म्हणजे एक पर्व होतं," मी सुरू केलं.

शेजारी फेस चढत होता, पांढराशुभ्र. हवा कुणीतरी वाढवून ठेवली होती.

मी थांबलो. व्हॉल्व्ह हळूहळू मागं फिरवला. फेस बसला, काळपट झाला.

मग मीही बसलो.