पहाडाखालचा पहाड

आमच्या हिच्या मामांइतका माणसाला थकवणारा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात झाला नाही, आणि आता होणारही नाही. साकोलीच्या शाळेत ते भूगोल शिकवायचे. सुट्टी लागली की एसट्या बदलत आंबागडला आमच्याकडे यायचे, आणि उतरल्या उतरल्या आमच्या आधी किल्ल्याच्या पहाडाची खुशाली विचारायचे. "जवाईबापू, हा पहाड नाही, पहाडाचं मूळ आहे," हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या डोक्यावरचं बाशिंगही उतरलं नव्हतं.

त्यांचं म्हणणं असं, की फार फार जुन्या काळी दोन खंड एकमेकांवर आदळले, जमीन चेपली आणि इथे हिमालयासारखी रांग उभी राहिली. पण जमीन जेवढी वर चढली, त्याच्या कितीतरी पट खाली घुसली. मग ऊनपावसाने माथा झिजत गेला, वरचा भार कमी झाला, तसं खाली दबलेलं वर आलं. म्हणजे आम्ही जिथे धान लावतो ते एके काळचं पाताळ. हे पटवायला ते जेवताना ताटातल्या दोन पोळ्या समोरासमोरून ढकलायचे. मध्ये घडी उभी राहिली की म्हणायचे, "वर दिसते ते नका पाहू, खाली किती दबलं ते पाहा." खाली वरण असायचं, ते माझ्या सदऱ्यावर यायचं. दिवाळीच्या सुमारास कापणीवरून मोडून यावं, तर पडवीत टेकायला जागा नाही, सगळीकडे दगड. एकदा तांबड्या मण्यांचा एक दगड माझ्या उशीवर ठेवलेला. "कैक कोस खालून आला हा. याले आराम करू द्या." मी कुठे करायचा, हे विचारण्याचंही त्राण माझ्यात नव्हतं.

त्यात माझ्या धाकट्या बहिणीचं, शांताचं लग्न जुळत नव्हतं. वडील नव्हते, सगळं माझ्यावर. पाहुणे यायचे, पोहे खायचे, 'कळवतो' म्हणून जायचे. पोरगी हसायचीच विसरली होती. करडीचे पाहुणे येणार त्या दिवशी मी मामाजींना हात जोडले, "आज पहाडाचं नाव काढू नका."

"नाही काढत," म्हणाले, आणि शब्द पाळला. फक्त सकाळी पाय धुवायच्या बादलीत सागाचे लहानमोठे ठोकळे तरंगत ठेवले होते, ते काढायला विसरले. मुलाचे वडील ओट्याशी आले, बादलीत पाहिलं, आणि ही आमच्या घरची रीत समजून एकेक ठोकळा काढून कपाळाला लावला, ओट्यावर मांडला, मग पाय धुतले. ठोकळे परत पाण्यात सोडले. मागच्या प्रत्येकाने तेच केलं. मामाजी ओठ घट्ट मिटून लालबुंद. मी म्हटलं, संपलं. हीही सोयरीक गेली.

चहा घेता घेता त्या गृहस्थांनी विचारलं, "आमच्या करडीत ही रीत नाही जी. त्या लाकडाचं महत्त्व काय?" मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी इतका थकलो होतो, की म्हणालो, "सांगा." मग काय, पोहे गार झाले. एक ठोकळा वरून तासला, पुन्हा पाण्यात सोडला, छिलके पाहुण्यांच्या धोतरावर. "पाहा, वरचं ओझं उतरलं का खालचं वर येते."

निघताना त्या गृहस्थांनी मला बाजूला घेतलं. "यायले तुम्ही दरसाल सांभाळता?"

"सांभाळतो कसले, सोसतो."

"मंग पोरगी मलेही सोशीन. मी काही यायच्याहून कमी नाही." आणि तिथेच सुपारी फुटली. आत शांता हसत होती, ते मी कितीतरी महिन्यांनी ऐकलं.

पुढे काही वर्षांनी मामाजी गेले, कायमचे. शेवटच्या खेपेला पहाड चढवेना, तर पायथ्याशी बसून म्हणाले, "चालते. हाच येऊन राहिला वर." आता पडवी मोकळी आहे, सदरे स्वच्छ आहेत. मला वाटलं होतं, सुटलो. जन्मभर मी त्यांना डोक्यावरचं ओझं म्हणालो. ते उतरलं, आणि ताटावर बसलो की हात अजून सदरा सावरतो. फार आठवण येते त्यांची. परवा नकळत दोन पोळ्या समोरासमोरून ढकलल्या. हिने वाढता वाढता घडीकडे पाहिलं.

"हळू ढकला जी," म्हणाली, "सदरा धुतलेला आहे."