खिशावरचं नाव
मकरपुऱ्याच्या ज्या कारखान्यात मी आता कामाला आहे तिथे सुटे भाग रॉकेलने धुतात, आणि तो वास आला की मला परदेशातला तो हेलिकॉप्टरचा तळ आठवतो. तिथे इंजिनिअर म्हणून रुजू झालो त्या दिवशी मला अंगात घालायला डांगरी मिळाली ती आधीच्या माणसाची, खिशावर त्याचंच नाव शिवलेलं. माझं नाव शिवून मागितलं तर मॅनेजर हसून म्हणाला, "आधी सहा महिने टिक." माणसं इतक्या भराभर सोडून जात, की नाव लक्षात ठेवायचे कष्ट कुणी घेत नसे. पाचव्या महिन्यात, घामाने अंग चिकटलेल्या एका दुपारी, हेलिकॉप्टरच्या शेपटीच्या पंख्यावर मला केसाएवढी चीर दिसली आणि मी उड्डाणाच्या कागदावर सही नाकारली. तोवर मॅनेजरही बदलला होता. नवा तरातरा आला, "तेलविहिरीवर जाणारे ताटकळलेत, कर सही!" म्हणून ओरडला, मी केली नाही. संध्याकाळी मला काढल्याचं पत्र मिळालं, त्यावर नाव खिशावरचं. मी ते दाखवलं तर मॅनेजर म्हणाला, "काय फरक पडतो? काढलंय तुलाच." मी सामान बांधत होतो तेव्हा तेच हेलिकॉप्टर डोक्यावरून गेलं, सही करणारा कुणीतरी मिळाला होता. परवा तरसालीच्या घरी बायको त्या डांगरीने स्कूटर पुसत होती. "अहो, हे नाव कुणाचं?" तिने विचारलं. त्याला मी कधी पाहिलं नाही. पण त्याने कुठल्या कागदावर सही नाकारली असेल, एवढंच हल्ली मनात येतं.