आठवा खड्डा

माझ्या मेलेल्या बहिणीचा नवरा समकाब चार वर्षं रोज सकाळी चहा प्यायचा, पाच लिटरचा पिवळा कॅन पाठीला बांधायचा, डोंगर चढायचा, वर एका रिकाम्या खड्ड्यात ते पाणी ओतायचा आणि खाली यायचा. उजवा गुडघा दुखत असायचा तरी. गावातली पोरं त्याला हसायची. मीही हसायचे. हसायचे कसली, फाडून खायचे त्याला.

"पालथ्या घड्यावर पाणी ऐकलं होतं रे," मी म्हणायचे, "रिकाम्या खड्ड्यावर पहिल्यांदाच बघते!"

"ताई, तू धूप निवड," तो म्हणायचा. "मला माझं करू दे."

खरंच आहे, मी धूपच निवडते. बोसासो बंदरातल्या व्यापाऱ्याच्या गोदामात बत्तीस वर्षं झाली. मोठे खडे एकीकडे, चुरा एकीकडे, साल लागलेले वेगळे. पुरुष वर कड्यावर झाडाला चिरा पाडतात, पांढरा चीक गळतो, वाळला की खरवडून आणतात. आमचं सगळं किनाऱ्यावरचं गाव त्यावरच जगतं. पण आमच्या घराण्यात एक गोष्ट पाळतात. चीक विकायचा, मूळ द्यायचं नाही. मुळासकट झाड बाहेरच्याच्या हाती दिलं की घरातलं एक माणूस त्याच्यामागे जातं, आणि मग झाडाचं जे होईल तेच माणसाचं.

कारण विचाराल तर आमची आजी सांगायची, फार फार पूर्वी उत्तरेकडून, मिसरातून जहाजं आली होती. त्यांनी धूप नेला, वर जिवंत झाडंही नेली, मुळाच्या मातीसकट टोपल्यांत घालून. झाडं जगवायला आपली माणसंही नेली. परत कोणी आलं नाही. नावं विचारली तर आजी चिडायची. "नावं आठवत असती तर रडायला सोपं गेलं असतं की!" समकाबच्या कड्यावर त्या नेलेल्या झाडांचे सात जुने खड्डे आहेत, मधे गोल, बाजूनं दगड लावलेले. तिथं काही उगवत नाही. सात होते. आता आठ आहेत, आणि आठवा समकाबनं स्वतः खणलाय.

ते असं झालं. आमच्या शाळेत फहीम मास्तर होते, मिसरचे. अकरा वर्षं राहिले, आमचं तुरट पाणी प्यायले, कुरकुरले नाहीत. त्यांच्याकडे एक पुस्तक होतं. त्यात त्यांच्या गावाजवळच्या देवळाच्या भिंतीवरची चित्रं होती, जहाजं, टोपल्यांतली झाडं, ओझी वाहणारी माणसं. मास्तर म्हणायचे, "ही तुमचीच माणसं." दुसरे कोणी म्हणतात, चित्रातली ती भूमी सुदानकडची. भांडू देत बापडे. समकाबच्या फिलसननं मात्र ते पान इतक्यांदा उघडलं की शिवणीतून सुटलं.

फिलसन माझी भाची. बहीण गेली तेव्हा सहा वर्षांची होती. समकाब कड्यावर लटकलेला असायचा, त्याला खालचं दिसायचं नाही, म्हणून ही पायथ्याशी बसून दोन दगड दोनदा वाजवायची. ठक ठक. म्हणजे मी आहे. वरून तो चिरा पाडायच्या पात्याच्या दांड्यानं खडकावर दोनदा वाजवायचा. तोही आहे. आमच्याकडे सगळेच वाजवतात, पण ही पोर दिवसभर वाजवायची, माझं डोकं उठायचं.

ती सतरा वर्षांची झाली आणि मास्तर निवृत्त होऊन मिसरला परत निघाले. त्यांनी तिकडच्या नर्सिंग कॉलेजात फिलसनला जागा मिळवून दिली होती. निरोपाच्या दिवशी एवढंच मागितलं, एक रोप. "माझ्या अंगणात लावीन. तुमची आठवण." उपकाराखाली दबलेला माणूस नाही कसं म्हणणार? समकाब वर गेला, हातभर रोप मुळासकट खणून काढलं, ओल्या पोत्यात गुंडाळलं. मी वाटेत आडवी गेले. "अरे, पोरगी जातेय आणि तू मूळ देतोस? दोन्ही एकाच दिवशी?"

"पोरगी जातेच आहे, ताई. रोप दिलं नाही तरी जाणारच."

पण त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

त्यानंतर दर शुक्रवारी फिलसनचा फोन. समकाबचा पहिला प्रश्न ठरलेला, "झाड कसंय?"

"आबो, आधी मला तरी विचारा!"

"तेच विचारतोय."

पहिल्या उन्हाळ्यात ती म्हणाली, पानं सुकलीत. समकाब तीन दिवस जेवला नाही. चौथ्या दिवशी कॅन भरून निघाला. मी विचारलं, कुठं? म्हणाला, "तिथं हात पोचत नाही ना. पण रोप काढलं तो खड्डा तर इथं आहे, मूळ इथलंच आहे." महिन्यानं फिलसननं सांगितलं, नवी पानं फुटली. झालं! त्याला वाटलं आपल्या पाण्यानंच. चार वर्षं एक दिवस चुकला नाही, वादळातसुद्धा.

या वर्षी रमजानच्या आधी फोन आला तेव्हा मी तिथंच तव्यावर कांजीरोच्या पोळ्या भाजत होते. फिलसन रडत होती. "आबो, आता मला खोटं बोलवत नाही. झाड पहिल्याच उन्हाळ्यात गेलं. मास्तरांनी खूप केलं. तुम्ही घाबराल म्हणून मी सांगितलं नाही. पण बघा ना, मी ठणठणीत आहे! काही होत नसतं असं." पाठोपाठ तिनं फोटो पाठवला. मास्तरांच्या गावाजवळचं ते देऊळ, आणि त्याच्या पुढ्यात जमिनीत गोल खड्डे, आत वाळलेली मुळं. तिथला रखवालदार म्हणतो, ही दक्षिणेकडून आणलेल्या झाडांची जागा.

मला वाटलं, सुटलो. झाड मेलं, पोर जिवंत आहे, मिटलं की सगळं. मी म्हटलंही, "घे, आता तरी गुडघ्याला विश्रांती दे."

समकाब फोनकडे बघत बसला होता. मग हळूच म्हणाला, "झाड चार वर्षांपूर्वी गेलं. मग ताई, चार वर्षं माझ्याशी बोलतंय कोण?"

माझ्या हातातला कांजीरो करपला.

त्या दिवसापासून त्यानं फोन घेणं सोडलं. वाजला की कांबळ्याखाली ढकलायचा. "आवाज तिचाच आहे, म्हणूनच भीती वाटते," म्हणायचा. मी शिव्या घातल्या, मौलवींना आणलं, फोनवर तिचा चेहरा दाखवला. "चेहरा काय, भिंतीवरच्या लोकांनाही होता," तो म्हणाला. शेवटी मीच फिलसनला कळवलं. बयो, तुझ्या बापानं तुला मेलेली धरलंय. ये.

ती आली. विमानानं बोसासो, तिथून मासळीच्या ट्रकनं. बारीक झालेली, डोक्यावर निळा रुमाल. समकाब घरी नव्हता, ती येणार कळताच पहाटेच वर गेला होता. आम्ही दोघी पायथ्याशी गेलो. मी ओरडणार, तेवढ्यात तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. खाली वाकली, दोन दगड उचलले.

ठक ठक.

वर काहीच नाही. तिनं दगड खाली केले. "मावशी, ते वाजवणार नाहीत."

"वाजव गं. लहानपणी थांबायचीस का कधी?"

ठक ठक. बराच वेळ गेला. मग वरून, दांड्याचा आवाज आला. दोनदा.

तो कसा उतरला देव जाणे, बसत, घसरत. जवळ येऊन तिला हात लावला नाही. खाली बसला, कॅनमध्ये उरलेलं पाणी तिच्या पावलांवर ओतलं आणि पाणी मातीत जिरताना बघत राहिला. मग त्याला हुंदका फुटला. "आहेस," म्हणाला. "आहेस गं." मीही रडले, लाजायचं काय त्यात.

आणि तेव्हाच ते झालं. फिलसनचे दगड जमिनीवर पडलेले होते. समकाबचा दांडा वर राहिला होता. माझे दोन्ही हात तोंडावर. आणि खालून, समुद्राकडच्या घळीतून आवाज आला. ठक ठक. मग जरा लांबून आणखी. ठक ठक. मोजले नाहीत म्हणून खोटं सांगणार नाही, पण बरेच होते.

फिलसन म्हणाली, "कोणी शेळ्या राखतंय का तिकडे?"

घळीत शेळ्या जात नाहीत. समकाबनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, हो, मलाही ऐकू आलं.

अकरा दिवस राहून फिलसन परत गेली. तिची नोकरी आहे तिकडे, हसत गेली. समकाब आता शुक्रवारी फोनवर आधी तिलाच विचारतो, जेवलीस का. मला वाटलं होतं, पाणी थांबेल. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर कॅन भरतोय.

"आता रे कोणासाठी?"

"माझी आली, ताई. हाक दिली, आली. बाकीच्या सातांना घरून कोणी हाक दिलीच नाही."

त्याच्या गुडघ्यानं सात खड्डे होत नाहीत. चार तो करतो. तीन माझ्याकडे आहेत.