थांबणारी साळुंकी

आईला शाळेतली पोरं गोगलगाय बाई म्हणायची, आणि त्याचा तिला राग नव्हता. शिशुवर्गाच्या खिडकीत तिने ओळीने बरण्या मांडलेल्या असत. एकीत गोगलगायी, एकीत बेडूकमासे, एकीत नुसताच चिखल. चिखलाच्या बरणीत काय आहे असं कुणी विचारलं, की ती म्हणायची, "मलाही माहीत नाही, बघत बसा." आणि मुलं खरोखर बघत बसत. एरवी जागेवर क्षणभर न टिकणारी ती चिल्लीपिल्ली बरणीला नाक लावून गप्प होत. हेडमास्तरांना हे काही पटत नसे. त्यांना बाराखडी हवी होती.

बाईंचा नियम एकच होता. पाहिलं तेवढंच सांगायचं, ऐकलं तेवढंच सांगायचं, बाकीचं माहीत नाही म्हणायचं. एकदा एक मुलगी म्हणाली, गोगलगाय रडतेय. बाई म्हणाल्या, "ओली आहे एवढं दिसतंय. रडतेय हे तुला तिनं सांगितलं का?" मुलगी विचारात पडली आणि तिने नाही म्हणून मान हलवली. वर्गात खोटं बोलणाऱ्याला शिक्षा नव्हती, पण बाई त्याच्याकडे अशा काही बघायच्या की त्यापेक्षा छडी बरी.

घरीही तोच कारभार. बाईंचे यजमान भट्टीवर कामाला, आणि मुलं दोन, एक दादा आणि एक धाकटी. घर वीटभट्टीच्या कामगारांच्या चाळीतलं, अगदी टोकाचं. मागच्या दाराबाहेर माती काढून काढून झालेले मोठाले खड्डे होते, त्यांत पाणी साचलेलं, कडेने उंच लव्हाळे. भट्टीच्या लोकांच्या लेखी ती उकरून टाकून दिलेली जमीन. दादा आणि धाकटी यांच्या लेखी तो सगळा मुलूख त्यांचा होता.

त्या उन्हाळ्यात दादाने एक शीळ बसवली. दोन लांब सूर आणि शेवटी वर चढून तुटणारा एक. शीळ ऐकू आली की धाकटीने तीच शीळ उलट घालायची. दादाने दुसऱ्यांदा घालेपर्यंत तिचं उत्तर आलं नाही तर त्याच्या वाटणीची भांडी तिने घासायची. धाकटी हट्टाला पेटली. दादाची शीळ संपते न संपते तोच ती आपली शीळ ठोकून द्यायची. अख्ख्या उन्हाळ्यात तिने त्याला एकदाही थांबायला लावलं नाही. भांडी त्यालाच घासावी लागायची आणि तो राख फासता फासता तिच्या नावाने खडे फोडायचा.

कौलांवरच्या साळुंक्यांनी ती शीळ उचलली. साळुंकी म्हणजे पक्षीजगतातली नकलाकार, दाराची करकर, सायकलची घंटा, शेजारणीचा खोकला, काही सोडत नाही. मग गंमत सुरू झाली. धाकटी छपरावरच्या पाखराला उत्तर द्यायची आणि दादा दाराआड लपून पोट धरून हसायचा. "पाखरानं बनवली! पाखरानं बनवली!" धाकटीच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. शेवटी तिने कान इतके तयार केले, की आता आपल्याला कुणी फसवू शकत नाही असं ती शेजारीपाजारी सांगत सुटली.

उन्हाळा सरता सरता एका संध्याकाळी ती ओट्यावर चित्र रंगवत बसली होती. आई आत पोळ्या लाटत होती. खड्ड्यांकडून शीळ आली.

आईने आतून विचारलं, "दादा बोलावतोय का गं?"

धाकटीने कान देऊन ऐकलं. आदल्याच दिवशी ती फसली होती. आज फसायचं नव्हतं. "नाही गं," ती म्हणाली, "साळुंकी आहे."

शीळ झाली. मग काहीच नाही. मग पुन्हा शीळ. मग पुन्हा काहीच नाही. असं काही वेळा झालं आणि बंद पडलं. धाकटीने चित्रातल्या झाडाला हिरवा रंग दिला. आईने तवा उतरवला. सकाळी भट्टीच्या माणसांना दादा सापडला, लव्हाळ्यांत, कमरेपर्यंत गाळात रुतलेला, तोंड पाण्याखाली.

यानंतर त्या घरात धाकटीसमोर ती शीळ कुणी काढली नाही. कुणी कुणाला काही विचारलंही नाही. आई बरण्या घेऊन शाळेत जात राहिली. धाकटीला मात्र एक प्रश्न चिकटला तो चिकटलाच. त्या संध्याकाळी ऐकलं ते पाखरू की दादा? पाखरू असेल तर ती सुटली. दादा असेल तर तो बोलवत असताना तिने आईला आतच थोपवलं होतं. हा प्रश्न ती शाळेत घेऊन गेली, कॉलेजात घेऊन गेली आणि शेवटी थेट संशोधन संस्थेत घेऊन गेली. मार्गदर्शक सर कपाळाला हात लावून म्हणाले होते, "अहो, जगात इतके देखणे पक्षी पडलेत आणि तुम्ही साळुंकी घेऊन बसणार?"

"साळुंक्या आमच्या घरच्या आहेत, सर," एवढंच ती म्हणाली.

तिथे सगळे तिला 'कान' म्हणत. यंत्राला जो फरक दाखवायला वेळ लागे तो कानबाई आधीच सांगून मोकळ्या व्हायच्या. साळुंकीची पिल्लं वाढवायची, त्यांना ठरावीक आवाज ऐकवायचे आणि मोठी झाली की ती काय उचलतात ते बघायचं, हे तिचं काम. वर्षानुवर्षं तिने तेच केलं. लग्नाचं राहून गेलं. केस पांढरे झाले. आणि तिला उत्तर मिळालं. पिल्लांना काही दिवस शीळ आणि तिच्यानंतरची शांतता अशी जोडी ऐकवली, तर ती शीळ उचलतात, शांतता उचलत नाहीत. रिकामी जागा त्यांना सोसवत नाही. तिथे ती कटकट, चिवचिव, काहीतरी कोंबतातच. एका दमात तीनचारदा शीळ घालून मोकळी होतात. तिने निबंधात एक साधं वाक्य लिहिलं, साळुंकी उत्तरासाठी थांबत नाही. वाचणाऱ्यांनी ते वाचलं आणि पुढचं पान उलटलं.

त्या संध्याकाळची शीळ थांबत होती.

ते वाक्य लिहिल्या दिवसापासून ती आईकडे गेली की दुपारी जायची आणि ऊन कलायच्या आत काहीतरी निमित्त काढून निघायची. त्या ओट्यावरची संध्याकाळ तिला बघवत नसे. त्याहून मोठी भीती आईच्या प्रश्नाची होती. आईने कधी विचारलं नव्हतं, पण विचारलं तर? आईशी खोटं बोलायची तिला सवय नव्हती, आणि खरं सांगायचं तर म्हातारीच्या पदरात काय टाकायचं? वडील गेले, आई थकली, तरी आईचं आपलं एकच. "जेवून जा ना गं संध्याकाळी." आणि हिचं एकच. "काम आहे गं."

मग संस्थेने गावातल्या साळुंक्यांचा अभ्यास काढला. जागोजागी छपरांवर ध्वनिमुद्रणाची यंत्रं बसवली आणि आलेले आवाज ऐकायचं काम अर्थातच कानबाईंकडे आलं. भर दुपारी, पंख्याखाली, शेजारच्या टेबलावर दोघं सहकारी चहावरून वाद घालत असताना, हेडफोनमध्ये दोन लांब सूर आले आणि तिसरा वर चढून तुटला.

ती ताठ झाली. मग रिकामी जागा आली. कटकट नाही, चिवचिव नाही. लांबलचक, कान देऊन बसलेली जागा. आणि पुन्हा शीळ.

तिने हेडफोन असे ओरबाडून काढले की सहकाऱ्याच्या हातातला कप हिंदकळला. "काय झालं, मॅडम?" कुणीतरी खड्ड्यांतून अजून बोलवत होतं.

पण ती शास्त्रज्ञ होती, आणि त्याआधी गोगलगाय बाईंची मुलगी. तिने पुन्हा ऐकलं. मागे पंखांची फडफड होती, मध्येच साळुंकीचा खाकरल्यासारखा आवाज होता. पाखरूच होतं ते, शंकाच नको. थांबणारं पाखरू! हळूहळू तिच्या छातीत काहीतरी उजाडायला लागलं. म्हणजे साळुंकी थांबू शकते. म्हणजे आपलं वाक्य चुकलं. इतक्या आनंदाने स्वतःचं संशोधन खोटं पडताना कुणी पाहिलं नसेल. तेव्हाही एखादी थांबणारी साळुंकी असेल, मग त्या संध्याकाळी आपण बरोबरच बोललो असू.

तिने यंत्रं हलवली, आणखी बसवली, दिसेल त्या छपरावर चढली. या वयात शिडीवर चढताना पाहून लोक बोटं तोंडात घालत. नकाशा तयार झाला. गावाच्या दूरच्या भागात शीळ होती, पण जागा नव्हती. भट्टीकडे यावं तशी जागा येत गेली आणि लांबत गेली. चहावाला सहकारी नकाशावर वाकून म्हणाला, "मॅडम, इथं कुणीतरी रोज शीळ घालून वाट बघतंय. वर्षानुवर्षं. त्याशिवाय पाखरं हे शिकणार नाहीत. नकला पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्यात." तिने मान हलवली. बोट मात्र त्या टोकाच्या घरावर ठेवलं नाही.

त्या संध्याकाळी, कितीतरी वर्षांनी, ती ऊन कलल्यावर चाळीत शिरली. पुढच्या दाराने न जाता घराला वळसा घालून मागे गेली.

मागच्या दारात आई उभी होती. एका हाताने चौकट धरलेली, पाठ वाकलेली. खड्ड्यांकडे तोंड करून तिने ओठ जुळवले आणि शीळ घातली. दात नसल्याने निम्मी हवाच होती, पण सूर तेच. मग ती मान किंचित कलती करून थांबली. थांबली ती थांबलीच. मग पुन्हा घातली. कौलांवरून साळुंकीने तीच शीळ घातली आणि तीही थांबली.

"आई."

"अगं बाई! तू या वेळेला?" आईचा चेहरा उजळला. "जेवून जाशील ना आता?"

"हे कधीपासून करतेस तू?"

आईने लपवलं नाही. "तेव्हापासूनच की. तू घरात असलीस की नाही करायची, तुला लागेल म्हणून. आणि गेल्या कित्येक वर्षांत तू संध्याकाळी असतेस कुठे?" ती पदराने ओठ पुसत म्हणाली, "त्याला उत्तर द्यायचं राहिलं होतं ना कुणीतरी. म्हटलं, आपण द्यावं."

धाकटी पायरीवर बसली. थांबणं साळुंक्यांना आईने शिकवलं होतं, रोज दारात उभं राहून, अख्खं आयुष्य घालून. इतकं थांबावं तेव्हा कुठे पाखरू थांबायला शिकतं. आणि त्या उन्हाळ्यात? त्या उन्हाळ्यात साळुंक्यांनी शीळ ऐकली ती दादाची, आणि तिला लगोलग जोडून धाकटीची. मध्ये श्वासाचीही जागा नव्हती. भांडी घासायला लागू नयेत म्हणून तिने ती ठेवलीच नव्हती. त्या वेळच्या साळुंक्यांना थांबणं शिकवायला कुणी नव्हतंच. गेले काही आठवडे छातीत जे उजाडलं होतं ते तिथेच मावळलं.

आई तिच्या शेजारी हळूच टेकली. गुडघे कटकन वाजले. तिने लेकीचा हात हातात घेतला आणि विचारलं.

"एक विचारू? इतकी वर्षं विचारलं नाही. तू लहान होतीस, मग तू शिकत होतीस. आता तर या पाखरांचं तुझ्याइतकं कुणाला कळत नाही म्हणतात." तिचा आवाज शिशुवर्गातला असावा तसा मऊ होता. "मी आत पोळ्या लाटत होते. मलाही ऐकू येत होतं. एकदा वाटलं, उठावं, बघून यावं. तवा तापला होता म्हणून नाही उठले. ती साळुंकीच होती ना गं?"

म्हणजे आईही तोच प्रश्न घेऊन जगली होती. धाकटीला हे कधी सुचलंच नव्हतं. तिला वाटत होतं दोष सगळा आपल्या एकटीचा आहे, आणि इकडे म्हातारी रोज दारात उभी राहून आपला वाटा फेडत होती.

माहीत नाही असं म्हणायला हरकत नव्हती. आईनेच शिकवलेलं होतं ते. पण तेही खोटंच झालं असतं, आणि आईला त्याने झोप लागली नसती.

"साळुंकीच होती, आई," ती म्हणाली. "मी नीट तपासलंय."

आईने तिच्याकडे पाहिलं. वर्गात पाहायची तसं पाहिलं की नुसतंच पाहिलं, ते अंधुक उजेडात कळलं नाही. मग तिने एक मोठा श्वास सोडला. "तवा तापला होता गं," ती पुन्हा म्हणाली, पण आता हलक्या आवाजात, जुनी एखादी गंमत सांगावी तशी. "चल, आत चल. दार ओढून घे. डास येतात."

धाकटीने दार ओढलं. आई खुर्चीत बसली आणि तिने डोळे मिटले. तिचे खांदे इतके सैल सुटलेले लेकीने कधी पाहिले नव्हते.

बाहेर शीळ झाली. मग ती जागा आली, लांबलचक, कान देऊन बसलेली. धाकटीचे ओठ आपोआप जुळले. पण आत्ताच तर ती म्हणाली होती की पाखरू आहे, आणि पाखराला कुणी उत्तर देतं का? आईला सगळं कळलं असतं. तिने ओठ मिटले आणि कोपऱ्यातली भांडी घासायला घेतली. बाहेर पुन्हा शीळ झाली.